शॉवरला ऊन पाणी येत नाही, स्वयंपाकघरातल्या नळाला मात्र चटका बसतो

एडिसनकर | १३ डिसेंबर, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे.

महिन्यापूर्वी बाबा सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत. वय ७४. पहाटे साडेपाचला अंघोळ, तीही कढत पाण्याने, हा त्यांचा जन्मभराचा नेम. इथे ते टबमध्ये प्लॅस्टिकचं स्टूल ठेवून, बादली भरून अंघोळ करतात. आल्यावर पहिले काही दिवस काही बोलले नाहीत. परवा आईशी फोनवर बोलताना ऐकलं, "सगळं छान आहे गं, पाणी तेवढं कोमट येतं." मला फार वाईट वाटलं. त्यांनी मला सांगितलंसुद्धा नव्हतं.

घर आम्ही जूनमध्ये घेतलं. उन्हाळ्यात शॉवरचं पाणी ठीक होतं. आता हँडल पूर्ण डावीकडे फिरवलं तरी कोमटच. एकाच हँडलचा शॉवर आहे, भिंतीवर गोल चकती आणि तिच्यात दांडी. स्वयंपाकघरातल्या नळाला मात्र हात धरवत नाही इतकं गरम येतं. तळघरात गॅसचा हीटर आहे, ५० गॅलनचा. त्याचा काटा वाढवावा की प्लंबर बोलवावा? घरात दोन वर्षांची मुलगी आहे, म्हणून काट्याला हात लावायला धजत नाही.

---

निळावंती

आमच्याकडेही डिसेंबर उजाडला की हेच. दर वर्षी वाटतं हीटर जुना झाला. वाचतेय.

---

चिंचपोकळी_ते_ह्यूस्टन

सोपं आहे. हीटरचा काटा १४० फॅरनहाइटवर न्या, म्हणजे ६० सेल्सिअस. मी सहा वर्षांपूर्वी केलं, तेव्हापासून तक्रार नाही. शिवाय टाकीतलं पाणी कोमट ठेवलं तर त्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो, २५ ते ४५ अंश हे त्याचं आवडतं तापमान. ६० ला तो मरतो. एका दगडात दोन पक्षी.

---

स्वाती_ना

ह्यूस्टनकर, जिवाणूचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण दोन वर्षांची मुलगी घरात आहे हे वाचूनही हा सल्ला देऊ नका, कळकळीने सांगते.

मी पुण्यात भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात अकरा वर्षं काम केलं. आगीने भाजलेलं मूल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं, पण आमच्याकडे येणारी कितीतरी लहान मुलं गरम पाण्याने भाजलेली असायची. न्हाणीघरात बादली भरून ठेवलेली, आई टॉवेल आणायला वळली, तेवढ्यात. अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने आकडे दिलेत ते लक्षात ठेवा. प्रौढ माणसाची कातडी ६६ अंशांच्या पाण्यात २ सेकंदांत खोलवर भाजते, ६० अंशांत ६ सेकंदांत, ५४ अंशांत ३० सेकंदांत, आणि ४९ अंशांत ५ मिनिटं लागतात. मुलांची कातडी पातळ असते, त्यांना याहून कमी वेळ पुरतो. ४९ अंश, म्हणजे १२० फॅरनहाइट, ही मर्यादा उगाच ठरलेली नाही. चूक कळून हात काढायला मिळणारा वेळ आहे तो.

आणि बाबा बादली वापरतात म्हणून सांगते, बादलीत नेहमी आधी गार पाणी, मग गरम. उलट कधीच नाही.

---

चिंचपोकळी_ते_ह्यूस्टन

स्वातीताई, मान्य. आमच्या घरात आम्ही दोघंच, म्हणून तो विचार मनात आला नाही. पण पुढच्या महिन्यात नात येतेय, आता काटा खाली आणतो.

---

नळपंडित

एडिसनकर, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. स्वयंपाकघरात चटका बसतो म्हणजे हीटर ठीक आहे. उन्हाळ्यात शॉवर ठीक होता म्हणजे बहुधा बिघाड कुठेच नाही. तुमच्या शॉवरच्या हँडलमागे एक अडसर असतो, तो तुमचं गरम पाणी अडवतोय.

जरा सविस्तर लिहितो, कारण हे समजलं की प्लंबरचे दीड-दोनशे डॉलर वाचतात आणि भीतीही जाते. अमेरिकेतल्या बहुतेक एकहँडली शॉवरमध्ये दाब समतोल ठेवणारी झडप असते. घरात कुणी फ्लश ओढला की गार पाण्याचा दाब घसरतो आणि शॉवरखालचा माणूस भाजू शकतो. तसं होऊ नये म्हणून आतली छोटी दट्ट्यासारखी नळी सरकते आणि गरम पाणीही तेवढंच कमी करते. ही झडप तापमान ओळखत नाही, फक्त दाब ओळखते. म्हणून तिच्या जोडीला हँडलखाली एक दातेरी प्लॅस्टिकची चकती असते, लिमिट स्टॉप म्हणतात तिला. हँडल गरमच्या बाजूला किती फिरू द्यायचं ते ती ठरवते. नळ बसवणारा ती बसवून जातो आणि पुढचा घरमालक तिचं नावही ऐकत नाही.

आता डिसेंबरमध्येच का? हिशोब करून बघा. समजा अडसरामुळे पूर्ण गरमवरही तीन भाग गरम आणि एक भाग गार असंच मिसळतं. टाकीतलं पाणी ४९ अंश. उन्हाळ्यात गार नळाचं पाणी २१ अंश असेल तर मिश्रण ४२ होतं. हिवाळ्यात तुमच्याकडे जमिनीखालून येणारं पाणी ५ अंशांपर्यंत उतरतं. तेच प्रमाण, तीच टाकी, आणि मिश्रण ३८. चार अंश गेले. अंगाला चार अंश फार जाणवतात.

करायचं काय:

आधी खात्री करा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर घ्या, तिथला गरम नळ दोन-तीन मिनिटं सोडून मोजा. मग शॉवर पूर्ण गरमवर ठेवून तसंच मोजा. पहिला आकडा ४९ च्या आसपास आणि दुसरा चाळिशीच्या खाली असेल तर दोष अडसराचा.

टबच्या मोरीवर जुना टॉवेल टाका. हे विसरू नका, तो इवलासा स्क्रू आत गेला की दिवस गेला. हँडलच्या खालच्या बाजूला बारीक भोक असेल, त्यात अ‍ॅलन की (षटकोनी टोकाची वाकडी सळई) घालून स्क्रू सैल करा, पूर्ण काढायची बहुधा गरज नसते. हँडल बाहेर ओढा. मागे दातेरी चकती दिसेल. ती थोडी पुढे ओढायची, एक दाता फिरवायची, परत दाबून बसवायची. गरमची दिशा प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते, चकतीवर बाण किंवा खूण असते ती पाहा. एका वेळी एकच दाता. हँडल तात्पुरतं लावून पुन्हा मोजा. पाण्याचा मुख्य कॉक बंद करावा लागत नाही, कारण कार्ट्रिजला, म्हणजे झडपेच्या आतल्या काढता येणाऱ्या नळकांड्याला, तुम्ही हात लावत नाही. कार्ट्रिज काढायचं असेल तर मात्र आधी पाणी बंद, नाहीतर भिंतीतून कारंजं.

थर्मामीटरशिवाय चकती फिरवू नका. स्वातीताईंनी जे लिहिलंय त्याची राखण हीच चकती करते. ४९ ची मर्यादा ओलांडू नका, आणि घरात लहान मूल असताना तिच्या जवळपासही जाऊ नका.

---

निळावंती

तीन भाग, एक भाग. इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

एडिसनकर

नळपंडित काका, मनापासून आभार. हँडलखाली भोक आहे, आत्ता टॉर्च घेऊन पाहिलं. अ‍ॅलन की घरात नाही, शनिवारी आणतो.

---

बंबवाले

नळपंडितांचा हिशोब वाचताना आजी आठवली. यालाच आपण विसण म्हणायचो की! कोल्हापूरला आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता. पहाटे आजोबा गोवऱ्या आणि लाकडाच्या ढलप्या घालून तो पेटवायचे. आजी घंगाळात कढत पाणी ओतायची, त्यात विसण घालायची आणि कोपराने पाणी बघायची. थंडीत विसण कमी, उन्हाळ्यात जास्त. त्या बाईला कुणी प्रमाण शिकवलं नव्हतं, पण थंडीत विहिरीचं पाणी वेगळं लागतं हे तिच्या कोपराला ठाऊक होतं. तुमच्या भिंतीतला नळ वर्षभर तेवढंच विसण घालतोय, एवढाच त्याचा दोष.

दिवाळीच्या पहाटे तेल-उटणं लावून त्या घंगाळापुढे कुडकुडत बसलेले आम्ही सहा भावंडं, आणि बंबाचा तो धुराचा वास. आता बंब दिवाणखान्यात शोभेला ठेवलाय, त्यात मोरपिसं.

---

स्वाती_ना

कोपर! बंबवाले, आम्ही नव्या आयांना अजून तेच शिकवतो. तळव्याची कातडी राठ असते, कोपराला खरं कळतं.

---

कोथरूडची_मेघा

धागा अमेरिकेचा आहे, पण माझंही ऐका. आमच्या फ्लॅटमध्ये सोलर आहे, गीझरही आहे, आणि सिंगल लिव्हरचा मिक्सर. नुसता बादलीचा गरम नळ सोडला तर पाणी छान गरम. शॉवर सुरू केला आणि लिव्हर जराशी मधे आणली की एकदम गार. इथेही अशी चकती असेल का?

---

पाणक्या

मेघाताई, काही मिक्सरमध्ये असते, पण तुमचं दुखणं वेगळं वाटतंय. तुमच्या गच्चीवर गार पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप आहे का? सोलरचं गरम पाणी बहुतेक इमारतींत नुसत्या उंचीच्या जोरावर खाली येतं. पंपाचं गार पाणी मिक्सरमध्ये त्याला मागे रेटतं. लिव्हर थोडी मधे आली की गारच जिंकतं.

बेसिनखाली किंवा मिक्सरखाली गारच्या लाइनला अँगल कॉक असेल तर तो अर्धा बंद करून पाहा. फुकटचा उपाय आहे. गरमच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे की नाही तेही बघून घ्या, नसेल तर गार पाणी उलटं सोलरच्या लाइनमध्ये चढतं. बोअरचं पाणी असेल तर गीझरच्या तोंडाशी आणि शॉवरच्या जाळीत क्षार साचतो, जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा.

ज्यांच्याकडे ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर आहे त्यांच्यासाठी: मिनिटाला ३ लिटर पाणी सोडलं तर तो पाण्याला जेमतेम १४ अंश चढवतो. धार निम्मी केली तर २८ अंश. तिथे काही पिळायचं नाही, धार बारीक करायची. आणि गॅस गीझरवाल्यांनो, न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवा. बंद जागेत त्याचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, त्याला वास नसतो.

---

कोथरूडची_मेघा

पंप आहे! गेल्या वर्षीच सोसायटीने बसवला, आणि तेव्हापासूनच हे सुरू झालंय. आज ह्यांना अँगल कॉक फिरवायला सांगते.

---

खाडीपार

दुबईहून नमस्कार. आमचा प्रश्न उलटा. जून ते सप्टेंबर गार नळालाच कढत पाणी येतं, कारण टाकी गच्चीवर आणि बाहेर ४५ अंश. मग आम्ही गीझरच बंद करतो. त्याची टाकी एसीच्या घरात असल्याने त्यातलं पाणी त्यातल्या त्यात गार होतं. म्हणजे चार महिने लाल खुणेचा नळ गार आणि निळ्या खुणेचा गरम. पाहुणे आले की पहिल्या दिवशी किंकाळी ठरलेली. :)

---

मध्यरात्रीचा_चहा

एडिसनकर, चकतीला हात लावण्याआधी एक गोष्ट तपासा. डॅलसला आमच्याकडे हेच झालं होतं आणि कारण भलतंच निघालं.

आईबाबा येणार म्हणून आम्ही संडासात जेट स्प्रे बसवला, थंडीत त्रास नको म्हणून गरम-गार दोन्ही लाइनींना जोडलेला. धुऊन झालं की सगळे फक्त हातातला खटका सोडायचे, भिंतीकडचा कॉक उघडाच. अशा वेळी गरम आणि गार लाइन त्या जोडणीत एकमेकींना भिडतात आणि गार पाणी गुपचूप गरम लाइनमध्ये शिरतं. घरभर कोमट पाणी. दोन प्लंबर येऊन हीटर बघून गेले, एकाने तर नवा हीटर घ्या म्हणून सांगितलं. शेवटी बायकोने संडासातला कॉक बंद केला आणि पाच मिनिटांत शॉवर गरम.

आपल्या लोकांच्या घरात हा स्प्रे हमखास असतो, म्हणून लिहिलं. शोधायची युक्ती अशी: हीटरकडे जाणारा गार पाण्याचा कॉक बंद करा आणि कुठलाही गरम नळ उघडा. थोड्या वेळात धार थांबायला हवी. वाहतच राहिली तर कुठूनतरी गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय. तपासून झालं की कॉक परत उघडा.

---

नळपंडित

चहावाले, फार मोलाची भर. हे माझ्याकडून राहिलं होतं. एडिसनकरांच्या स्वयंपाकघरात पाणी गरम येतंय म्हणून त्यांचं तसं नसावं, तरी तपासण्यात काही जात नाही. आणि चकती पूर्ण फिरवूनही पाणी कोमटच राहिलं तर दट्ट्या क्षाराने अडकलेला असू शकतो. कार्ट्रिज बाहेर काढून हलवून बघायचं. कित्येक प्रकारांत चांगला दट्ट्या आत खुळखुळ वाजतो, वाजला नाही तर सफाई किंवा बदली.

---

लेस्टरकर

इंग्लंडात आमच्याकडे बहुतेक थर्मोस्टॅटचा आडवा बार असतो. त्यावर ३८ अंशांना एक बटण, ते दाबल्याशिवाय मूठ पुढे जात नाही. सासूबाई तीन आठवडे ३८ वर अंघोळ करत होत्या, कारण बटण दाबायचं असतं हे आम्ही सांगितलंच नव्हतं. पाहुण्यांना पहिल्याच दिवशी न्हाणीघर दाखवा, एवढंच म्हणेन. ते स्वतः विचारत नाहीत.

---

एडिसनकर

लेस्टरकर, अगदी. बाबांनीही विचारलं नाही.

---

भाड्याचं_घर

भाड्याने राहणाऱ्यांनी हे स्वतः करू नये असं वाटतं. मी ऑफिसात लेखी विनंती दिली, देखभालीचा माणूस आला आणि दहा मिनिटांत चकती फिरवून गेला. उद्या काही झालं तर जबाबदारी आपल्यावर नको.

---

एडिसनकर | २० डिसेंबर

झालं! सविस्तर लिहितो, पुढच्याला उपयोगी पडेल.

आधी मोजलं. स्वयंपाकघर ४९, शॉवर ३८. काका, तुमच्या उदाहरणातला आकडा तंतोतंत आला, मी थर्मामीटर दोनदा पुसून पाहिला. जेट स्प्रे आमच्याकडेही आहे, पण फक्त गारला जोडलेला, म्हणून तो प्रश्न मिटला.

टबवर टॉवेल टाकला. स्क्रू घट्ट बसला होता, भोवती पांढरा क्षार. थोडं व्हिनेगर सोडून अर्धा तास थांबलो, मग सुटला. बाबा टॉर्च धरून शेजारी उभे. सांगलीला ते चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवत होते, त्यामुळे दातेरी चाक दिसताच त्यांचे डोळे चमकले. "यात काय आहे, जात्याच्या खुंट्यासारखं," म्हणाले आणि चकती स्वतःच ओढून एक दाता फिरवली. पाणी ३९ च्या पुढे गेलं. दुसऱ्या दात्याला ४१ आणि काही. तिसऱ्याला ४३. तिथे थांबलो. अजून दाते शिल्लक होते, पण मुलीचा विचार केला.

मुलीच्या अंघोळीचं पाणी आता आम्ही वेगळं बघतो, कोपराने. बादलीत आधी गार. हीटरच्या काट्याला हात लावलेला नाही.

आज पहाटे साडेपाचला न्हाणीघरातून व्यंकटेश स्तोत्र ऐकू आलं. महिनाभरात पहिल्यांदा.

---

बंबवाले

वा! शेवटची ओळ वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाबांना कोल्हापूरकराचा नमस्कार सांगा.

---

स्वाती_ना

४३ ला थांबलात, फार बरं केलंत.

---

नळपंडित

आनंद झाला. एक काम बाकी आहे, कॅलेंडरवर लिहून ठेवा. जूनमध्ये पुन्हा मोजायचं. गार पाणी उबदार झालं की तुमचे ४३ आपोआप वर सरकतील.

---

कोथरूडची_मेघा

अँगल कॉक अर्धा बंद केला, शॉवर सुधारला. पाणक्या, तुमच्या घरी एक डबा तिळाचे लाडू पोचवायचे आहेत, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

एडिसनकर | ११ जून

काका, आठवणीने मोजलं. ४५ आलं. एक दाता मागे घेतला.

बाबा मार्चमध्ये परत गेले. परवा फोनवर त्यांनी आपणहून विचारलं, "तिकडं उन्हाळा लागला असेल, चाक मागं घेतलंस का?"

---

नवीन_सदस्य_पुणे_सिएटल | ३ नोव्हेंबर

जुना धागा वर काढतोय, माफ करा. माझ्या हँडलला खाली भोकच नाही. कुठून उघडू?

---

नळपंडित

समोर मध्यभागी गोल टोपण आहे का, कंपनीची खूण किंवा लाल-निळा ठिपका असलेलं? पातळ पेचकसाच्या टोकाला कापड गुंडाळून ते कडेने हलकेच उचका. स्क्रू त्याच्या मागे असतो. आणि टबवर टॉवेल.